परक्या सरकारचा हात बेगमपुऱ्यातल्या भाड्याच्या खोलीपर्यंत कसा पोचतो

विचारलंय ते थोडक्यात असं. संभाजीनगरला विद्यापीठात पश्चिम आशियातला एक विद्यार्थी पीएच.डी. करतोय. त्याने आपल्या देशातल्या सरकारवर टीका करणारे दोन व्हिडिओ टाकले. महिनाभरात तिकडे त्याच्या भावाला चौकशीला बोलावलं. दिल्लीतला दूतावास पासपोर्टच्या नूतनीकरणासाठी 'प्रत्यक्ष या' म्हणून अडून बसलाय. गेल्या आठवड्यात दोन माणसं बेगमपुऱ्यात घरमालकाकडे त्याची चौकशी करून गेली. मार्गदर्शक विचारतात की हे खरंच गंभीर आहे का पोराच्या मनाचे खेळ, आणि असेल तर विभागाने, घरमालकाने आणि त्यांनी स्वतः नेमकं काय करायचं?

सर, गंभीर आहे. पण अंधारात गाडी थांबली आणि पोराला उचलून नेलं, असं चित्र डोळ्यांपुढे असेल तर ते जरा बाजूला ठेवा. तसंही घडलेलं आहे. १९७८ मध्ये लंडनच्या वॉटर्लू पुलावर बल्गेरियाचे लेखक गिओर्गी मार्कोव्ह यांच्या मांडीत रायसिन विषाची बारीक गोळी घुसवली, चार दिवसांत ते गेले. २००६ मध्ये लंडनमध्येच अलेक्झांडर लित्विनेंको यांना चहातून पोलोनियम दिलं. २ ऑक्टोबर २०१८ ला जमाल खाशोगी इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत गेले ते बाहेर आलेच नाहीत. ही नावं जगाला पाठ आहेत, कारण त्या त्या सरकारांना ती प्रकरणं महागात पडली. एका पीएच.डी.च्या पोरासाठी कुणी एवढी किंमत मोजत नाही. त्याच्यासाठी स्वस्तातले उपाय असतात: कागद अडवायचे, घरच्यांना छळायचं, फोनमध्ये शिरायचं, आणि उरलेलं काम ज्या देशात तो राहतोय तिथल्याच लोकांकडून करून घ्यायचं.

हे शेवटचं धरून ठेवा, तुमचं काम तिथेच आहे. त्या सरकारचं संभाजीनगरात पोलीस ठाणं नाही. इथे त्याला हात उसने घ्यावे लागतात. कधी तो हात घरमालकाचा असतो, कधी आपल्या कार्यालयातल्या बाबूचा, कधी त्याच्याच देशातल्या सहाध्यायाचा, आणि बऱ्याचदा आपल्याच पोलिसांचा.

बहरीनचा फुटबॉलपटू हकीम अल-अराइबी ऑस्ट्रेलियात निर्वासित म्हणून मान्यता मिळालेला होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये तो बायकोसोबत मधुचंद्राला बँकॉकला उतरला आणि विमानतळावरच पकडला गेला. बहरीनने इंटरपोल या देशोदेशीच्या पोलिसांच्या संघटनेमार्फत रेड नोटीस, म्हणजे 'हा माणूस दिसला तर पकडा' अशी विनंती, काढली होती, पकडलं थाई पोलिसांनी, आणि तो येतोय ही खबर थायलंडला दिली ऑस्ट्रेलियाच्याच पोलिसांतल्या इंटरपोल कक्षाने. निर्वासिताविरुद्ध त्याच्याच मूळ देशाने मागितलेली नोटीस इंटरपोलच्या नियमांत बसत नाही, ती मागे घेतलीही गेली. तरी माणूस ११ फेब्रुवारी २०१९ पर्यंत आतच होता. या साखळीत बहरीनच्या एकाही माणसाला जागचं हलावं लागलं नाही.

फ्रीडम हाउस ही अमेरिकी संस्था अशा घटना मोजते. २०१४ ते २०२४ या ११ वर्षांत तिने ४८ सरकारांच्या १,२१९ घटना नोंदवल्या, १०३ देशांत घडलेल्या. यात फक्त उघड झालेले शारीरिक प्रकार आहेत: खून, अपहरण, मारहाण, अटक, हद्दपारी. फोनवरच्या धमक्या आणि घरच्यांचा छळ यात धरलेला नाही. मोठा वाटा अटक आणि हद्दपारीचा आहे, म्हणजे उसन्या हातांनी केलेल्या कामाचा. (आणि हे फक्त हुकूमशहाच करतात असंही समजू नका. कॅनडाने २०२३ मध्ये भारत सरकारवर असाच आरोप केला, भारत सरकारने तो साफ फेटाळला.)

आता ते दोघं. आधी ते कोण होते हे शोधा, मग घाबरा. परदेशी विद्यार्थी राहतो तिथे आपल्या पोलिसांच्या विशेष शाखेची माणसं साध्या कपड्यांत येऊन विचारपूस करतात, हे नेहमीचं आहे. मला तरी तीच शक्यता जास्त वाटते. पोलीस आयुक्त कार्यालयात परदेशी नागरिक नोंदणीचं जे टेबल आहे तिथे तुम्ही स्वतः जा, पोराला एकट्याला पाठवू नका. अमुक तारखेला तुमच्याकडून कुणी गेलं होतं का, एवढंच विचारा. 'हो' म्हणाले तर विषय तिथेच मिटला. 'नाही' म्हणाले तर लगेच लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यानिशी पोच घ्या. या पोचेचा उपयोग पुढे सहा महिन्यांनी कळेल.

घरमालकाला एक वाक्य पाठ करायला सांगा: "माहिती मी पोलिसांना फॉर्मवर दिलेली आहे, तुम्हाला हवी तर त्यांच्याकडून घ्या." परदेशी भाडेकरूची माहिती २४ तासांत ऑनलाइन कळवायची असते. कायदा बदलला तरी लोक त्याला अजून सी-फॉर्मच म्हणतात. तो भरलेला नसेल तर घरमालक स्वतःच अडचणीत असतो, आणि अडचणीतला घरमालक कुणीही दरडावलं की सगळं ओकतो. म्हणून आधी तो फॉर्म भरलाय का ते बघा. विचारायला येणाऱ्याला ओळखपत्र मागायचं, नाव आणि बक्कल नंबर टिपायचा, गाडीचा नंबर घ्यायचा. खोली कोणती, येतो-जातो कधी, सोबत कोण असतं, हे सांगायचं नाही. 'चांगला पोरगा आहे हो, रात्री अकराला येतो' हे आपल्याकडे कौतुकाने सांगतात. त्यातलं 'रात्री अकराला' हेच समोरच्याला हवं असतं.

यापेक्षा मोठा धोका तारखांचा आहे. कोऱ्या कागदावर तीन तारखा लिहायला लावा: पासपोर्ट कधी संपतो, व्हिसा कधी संपतो, रहिवास परवाना कधी संपतो. व्हिसाची मुदतवाढ पासपोर्टच्या मुदतीपलीकडे जात नाही, म्हणून पासपोर्ट अडवला की बाकीचे दोन आपोआप पडतात. मग तो 'मुदत संपूनही राहिलेला परदेशी' ठरतो. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या इमिग्रेशन अँड फॉरेनर्स कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. प्रत्यार्पणाला, म्हणजे आरोपी म्हणून दुसऱ्या देशाच्या ताब्यात द्यायला, न्यायदंडाधिकाऱ्यापुढे चौकशी लागते, पुरावा लागतो, आणि १९६२ च्या प्रत्यार्पण कायद्याचं कलम ३१ राजकीय स्वरूपाच्या गुन्ह्यासाठी माणूस सोपवायला मनाई करतं. हद्दपारीला यातलं काहीच लागत नाही. हे सगळ्या हुकूमशाही राजवटींना नीट कळतं. म्हणून त्या वॉरंट पाठवत बसत नाहीत, पासपोर्ट दाबून ठेवतात.

बेलारूसने तर ते उघडच केलं. सप्टेंबर २०२३ च्या हुकमाने परदेशातल्या दूतावासांत पासपोर्ट नूतनीकरण बंद, पाहिजे तर मायदेशी या. आणि मायदेशी गेलेल्याचं काय होतं हे त्यांनाही माहीत आणि त्यांच्या सरकारलाही. इरिट्रियाचं तंत्र वेगळं. बाहेर राहणाऱ्याने उत्पन्नाचा दोन टक्के कर भरला तरच दूतावासातलं काम होतं, आणि बेकायदा देश सोडलेल्याला तर आपण चूक केली, होईल ती शिक्षा मान्य, अशा अर्थाच्या माफीपत्रावर सही करावी लागते. तुमच्या विद्यार्थ्यासमोर असलं माफीपत्र आलं तर सही करायची नाही. तो कागद पुढे त्याच्याविरुद्ध कबुलीजबाब म्हणून वापरता येतो. 'घरी घेऊन जातो, वाचून देतो' म्हणायचं. घरी न्यायला देत नसतील तर तेवढ्यावरूनच काय ते समजा.

नूतनीकरणाचा अर्ज ईमेलने आणि स्पीड पोस्टने, दोन्ही मार्गांनी, पोचपावतीसह पाठवा. उत्तर नाही आलं तर पंधरा दिवसांनी पुन्हा, आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी तिसऱ्यांदा. मजकूर तीन ओळींचा: पासपोर्ट क्रमांक, मुदत संपण्याची तारीख, पोस्टाने किंवा प्रतिनिधीमार्फत काम होईल का. राग नको, राजकारण नको, व्हिडिओचा उल्लेख तर नकोच. तीन अर्ज आणि तीन वेळा शांतता, याची फाइल तयार झाली की 'पासपोर्ट अर्जदाराने नव्हे, त्याच्या सरकारने अडवला' हे इथल्या अधिकाऱ्याला दाखवता येतं. इथेच बहुतेक जण चुकतात. फोनवर विनवण्या करत तीन महिने काढतात आणि शेवटी हातात कागद एकही नसतो.

ई-एफआरआरओ, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर, व्हिसाच्या मुदतवाढीचा अर्ज मुदत संपायच्या आधी टाकायचा, जमल्यास दोन महिने आधी. पासपोर्टच्या जागी जुना पासपोर्ट, दूतावासाला पाठवलेल्या अर्जांच्या प्रती आणि एका पानाचं स्पष्टीकरण जोडा. अर्ज त्रुटीत निघाला तरी तो वेळेत केला होता ही नोंद राहते. मुदत संपल्यावर केलेला अर्ज आणि दोन दिवस आधी केलेला अर्ज यांत कोर्टात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

दूतावासात प्रत्यक्ष जावं का? माझं मत, भावाची चौकशी झालेली असताना जाऊ नये. १९६१ च्या व्हिएन्ना कराराप्रमाणे दूतावासाच्या आवारात यजमान देशाचे पोलीस परवानगीशिवाय शिरू शकत नाहीत. दिल्ली पोलीस गेटवर उभे असतात, आत नाही. खाशोगी २८ सप्टेंबरला लग्नासाठी लागणाऱ्या कागदासाठी गेले, तेव्हा त्यांच्याशी नीट वागले आणि २ ऑक्टोबरला या म्हणाले. त्या चार दिवसांत तयारी झाली. म्हणजे पहिल्या भेटीत चहा पाजला हे दुसरी भेट सुरक्षित असल्याचं लक्षण नव्हे, आणि तारीख त्यांनी ठरवलेली असेल तर जास्तच जपायला हवं. दिल्लीत असं घडेल असं म्हणत नाही. बहुतेक वेळा आत नेऊन फोन मागतात, मित्रांची नावं विचारतात, जुना पासपोर्ट ठेवून घेतात. पण तो शेवटचा प्रकारही पुरेसा वाईट आहे.

जायचंच ठरलं तर सोबत भारतीय माणूस हवा, शक्यतो वकील. तो आत नाही घेतला तरी गेटबाहेर दिसेल असा उभा राहू दे. फोन बाहेर ठेवायचा, पासपोर्टच्या सगळ्या पानांच्या रंगीत प्रती आधीच तुमच्याकडे. वेळ सकाळची घ्या, दुपारनंतरची नको, कारण काही बिनसलं तर कार्यालयं उघडी असायला हवीत. किती वाजता बाहेर यायचं ते ठरवा, आणि त्या वेळेनंतर अर्ध्या तासाने सोबतच्या माणसाने कुणाला फोन करायचा ते कागदावर लिहून द्या. आयत्या वेळी नंबर सुचत नाहीत.

दिल्लीला जायचं खरं काम दुसरं आहे. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. श्रीलंकेचे तमिळ आणि तिबेटी सोडले तर बाकीच्यांची नोंदणी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचं दिल्लीतलं कार्यालय करतं. सचखंड एक्स्प्रेसने गेलात तर जवळपास एक दिवसाचा प्रवास. तिथे आधी अर्ज, मग 'विचाराधीन' असल्याचा कागद, मग मुलाखत. मुलाखतीला बराच काळ लागू शकतो, तोपर्यंत विद्यार्थी व्हिसा जिवंत ठेवणं चांगलं. ते कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे आणि त्याने अटक टळेलच असं नाही. पण कोर्टात त्याचं वजन पडतं.

कोर्ट म्हणजे तुमच्यासाठी औरंगाबाद खंडपीठ. परदेशी माणसालाही राज्यघटनेचं कलम २१, म्हणजे जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क, लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सांगितलंय. १९९८ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने दोन इराकी निर्वासितांची हद्दपारी याच कलमाच्या आधारे रोखली होती. पण तेवढ्यावर विसंबू नका. एप्रिल २०२१ मध्ये रोहिंग्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हद्दपारीला स्थगिती नाकारली आणि इथे राहण्याचा हक्क नागरिकांपुरताच असल्याचं म्हटलं. वकिलाला दोन्ही निकाल दाखवा, एकच दाखवला तर तो गाफील राहतो. आणि आजच दोन-तीन वकालतनाम्यांवर पोराच्या सह्या घेऊन वकिलाकडे ठेवा. कोठडीतल्या माणसाची सही मिळवण्यात अख्खा दिवस जातो, आणि बंदी प्रत्यक्षीकरणाच्या, म्हणजे 'कोठडीतल्या माणसाला कोर्टापुढे आणा' या याचिकेत तोच दिवस महत्त्वाचा असतो.

एक आपल्या बाजूचंही सांगतो. विद्यार्थी व्हिसावरच्या माणसाने क्रांती चौकात कुठल्याही मोर्चात, अगदी भल्या कारणासाठीच्या मोर्चातही, उभं राहू नये. २०२० मध्ये जादवपूर विद्यापीठातल्या पोलंडच्या विद्यार्थ्याला मोर्चाला हजर होता म्हणून देश सोडण्याची नोटीस आली. कोलकाता उच्च न्यायालयाने ती रद्द केली खरी, पण तुमच्या पोराला पोलंडला परत जायचं नाहीये. त्याला नोटीस आली तर पुढचं विमान कुठलं, हा प्रश्न आहे.

घरच्यांचं आता. हा भाग सगळ्यात अवघड, कारण इथे कागद उपयोगी पडत नाही.

फोन कसा येतो ते बघा. आईचा व्हिडिओ कॉल, पण नेहमीच्या वेळी नाही. आई कॅमेऱ्याकडे न बघता जरा बाजूला बघतेय. एरवी घरच्या बोलीत बोलणारी बाई आज पुस्तकी बोलतेय. "ते व्हिडिओ काढून टाक, भावाच्या नोकरीचा प्रश्न आहे. जेवतोस ना वेळेवर? आता कुठे राहतोस? खोली बदललीस का? सोबत कोण कोण असतं?" जेवणाचा प्रश्न आईचा आहे. त्यानंतरचे तिन्ही शेजारी बसलेल्या माणसाचे.

अशा वेळी 'तुझ्याजवळ कोण बसलंय' असं विचारायचं नाही, त्याने आईवरच राग निघतो. वाद घालायचा नाही, आणि कुठलंही वचन द्यायचं नाही, कारण कॉल रेकॉर्ड होतोय असंच धरून चालायचं. 'विचार करतो' म्हणायचं, तब्येत विचारायची, पाच मिनिटांत कॉल संपवायचा. पत्त्याबद्दल 'तिथेच आहे' एवढंच. फोन ठेवल्याबरोबर नोंद करायची, आणि ती अशी: "१४ तारीख, रात्री ९.४० (तिकडे ७.१०), आईच्या नंबरवरून व्हिडिओ कॉल, ६ मिनिटं. व्हिडिओ काढायला सांगितलं. पत्ता आणि सोबत्यांची नावं विचारली. खोलीत दुसरा पुरुषाचा आवाज, दोनदा." मनाला काय वाटलं ते वेगळ्या कागदावर. निर्वासित म्हणून होणाऱ्या मुलाखतीत अशा तारीखवार नोंदी फार कामाला येतात. 'ते मला त्रास देतात' या वाक्याने काही सिद्ध होत नाही.

घरच्यांशी खुणेचा शब्द ठरवायचा असेल तर तो फोनवर ठरवायचा नाही. तिकडे जाणाऱ्या खात्रीच्या माणसाकरवी निरोप द्यायचा, आणि शब्द असा हवा की घरगुती बोलण्यात खपून जावा.

व्हिडिओ काढून टाकावेत का, हे तुम्ही ठरवू नका, मीही सांगणार नाही. भाऊ त्याचा आहे. फक्त पुढे काय होतं ते त्याला माहीत असू द्या. पहिली मागणी व्हिडिओ काढण्याची असते. ती पुरी केली की बऱ्याचदा दुसरी येते: माफीचा व्हिडिओ टाक. आणि मग तिसरी, अगदी गोड आवाजात: तुमच्या मित्रमंडळात कोण कोण असतं तेवढं कळव, भावाचं आम्ही बघतो. खबऱ्या असा तयार होतो, पैशाने फार कमी. तुमच्या विभागात त्याच्या देशाचा जो दुसरा मुलगा त्याचे फोटो काढताना दिसला असेल, त्याचाही कुणी भाऊ तिकडे असेल हे विसरू नका. त्याला सगळ्यांसमोर उघडं पाडू नका. अंतर ठेवा, महत्त्वाचं त्याच्यासमोर बोलू नका, एवढं पुरे.

इराणच्या पत्रकार मसीह अलीनेजाद अमेरिकेत राहतात. त्यांच्या भावाला इराणमध्ये २०२० साली आठ वर्षांची शिक्षा झाली. अलीनेजाद यांना ब्रुकलिनमधून पळवून नेण्याचा कट रचल्याचा आरोप २०२१ मध्ये अमेरिकी सरकारने चार इराणी गुप्तहेरांवर ठेवला. आधी घर, मग माणूस, असा हा क्रम आहे. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना हा पेच समजावून सांगावा लागत नाही. १९४७-४८ मध्ये निजामाच्या हद्दीबाहेर, सरहद्दीवरच्या कॅम्पांतून लढणाऱ्यांची घरं हद्दीच्या आतच होती.

फोनचं सांगतो, कारण इथे सगळे पेगासस पेगासस करतात (सरकारांना विकलं जाणारं, फोनमध्ये शिरून हेरगिरी करणारं सॉफ्टवेअर) आणि दार उघडंच ठेवतात. पहिलं दार म्हणजे रिकव्हरी नंबर. या पोरांच्या जीमेलला आणि टेलिग्रामला अजून मायदेशातला नंबर जोडलेला असतो. तिकडची मोबाइल कंपनी सरकारच्या मुठीत, म्हणजे ओटीपी सरकारच्या मुठीत. तो नंबर आजच काढायचा. एसएमएसवरचा ओटीपी बंद करून ऑथेंटिकेटर ॲप किंवा पासकी लावायची, व्हॉट्सॲपला सहा अंकी पिन लावायचा, आणि 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून अनोळखी संगणक दिसतोय का ते बघायचं. दुसरं दार सिमचं. व्हिसाचा घोळ असला की मुलं मित्राच्या नावावरचं सिम वापरतात. ज्याच्या नावावर सिम, त्याला दुकानात जाऊन डुप्लिकेट काढता येतं.

मग येतात लिंक. मॉन्ट्रियलमध्ये राहणारे सौदी टीकाकार ओमर अब्दुलअझीझ यांना २०१८ मध्ये कुरिअरच्या नावाने मेसेज आला. त्यांनी नुकतंच ऑनलाइन काही मागवलं होतं, म्हणून दाबला, आणि फोनमध्ये पेगासस शिरलं. ते खाशोगींशी व्हॉट्सॲपवर बोलत असत. त्याआधी, २००९ मध्ये, धरमशालेतल्या दलाई लामांच्या कार्यालयातले संगणक अशाच युक्तीने, ईमेलला जोडलेल्या फायलींतून, पोखरलेले सापडले. घोस्टनेट नावाच्या त्या जाळ्यात १०३ देशांतले १,२९५ संगणक होते. फाइल नेहमी ओळखीच्याच्या नावाने येते. तुमच्या पोराला कदाचित तुमच्याच नावाने येईल, 'चॅप्टर ३ करेक्शन' म्हणून. तेव्हा विभागात ठरवून टाका की फाइल पाठवली की फोन करून सांगायचं.

आयफोन असेल तर लॉकडाउन मोड चालू करा, अँड्रॉइड नवं असेल तर ॲडव्हान्स्ड प्रोटेक्शन; दोन्ही फोनच्या सेटिंगमधल्या जादा सुरक्षेच्या सोयी आहेत. फोन रोज एकदा बंद करून चालू करायचा. काही हेरगिरीची सॉफ्टवेअरं फोन बंद झाला की टिकत नाहीत, त्यांना पुन्हा शिरावं लागतं. अपडेट आलं की त्याच दिवशी. ॲपलकडून 'सरकारी हल्ला' असा इशारा आला तर तो खरा की खोटा हे ॲपलच्या खात्यात स्वतः लॉग इन करून वरच दिसतं, मेसेजमधली लिंक दाबायची नाही. आणि संशय आला म्हणून फोन फॉरमॅट करू नका. शहागंजातला रिपेअरवाला पहिल्यांदा तेच करतो, आणि पुरावा गेला. फोन विमान मोडवर टाकून बाजूला ठेवा, दुसऱ्या उपकरणावरून ॲक्सेस नाऊ या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या हेल्पलाइनला लिहा. ती चोवीस तास चालते आणि मोफत आहे.

टोपणनावाच्या खात्यावर फार भरवसा नको. २०१५ मध्ये ट्विटरमधल्याच एका कर्मचाऱ्याने सौदीसाठी सहा हजारांहून जास्त खात्यांची माहिती उघडून पाहिल्याचा आरोप अमेरिकी खटल्यात आहे. तिथेही हात उसनाच.

धमकीचे मेसेज आले तर स्क्रीनशॉटमध्ये नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे, चॅट एक्स्पोर्ट करून ठेवायचं, मूळ मेसेज पुसायचा नाही. तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली होते. निनावी धमकीसाठी त्याच कलमात वेगळं पोटकलम आहे, ते अर्जात लिहा. ठाण्यात 'परदेशातलं प्रकरण आहे, आमच्या हद्दीत नाही' म्हणतील. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दाखवा. गुन्हा कुठेही घडला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते.

रेड नोटीसची शंका असेल तर इंटरपोलच्या फाइल तपासणी आयोगाकडे अर्ज करता येतो. फी नाही, भाषा इंग्रजी किंवा अरबी चालते. आपली माहिती आहे का या प्रश्नाला अर्ज ग्राह्य धरल्यापासून चार महिने, काढून टाकण्याच्या अर्जाला नऊ महिने अशी मुदत आहे. वेबसाइटवर नाव नाही म्हणून निश्चिंत होऊ नका, बहुतेक नोटिसा जाहीर होतच नाहीत. इंटरपोलच्या घटनेचं कलम ३ राजकीय प्रकरणांत हात घालायला मनाई करतं, अर्जात आधार तोच घ्यायचा.

परिषदेला वगैरे बाहेर जायचं असेल तर तिकीट तुम्ही बघा. दहा-बारा हजार वाचतात म्हणून मायदेशाच्या मित्रराष्ट्रात थांबा असलेलं विमान घ्यायचं नाही. रवांडाच्या सरकारचे टीकाकार पॉल रुसेसाबागिना ऑगस्ट २०२० मध्ये दुबईहून बुरुंडीला जातोय असं समजून खासगी विमानात बसले आणि उतरले रवांडाच्या किगालीत. बोलावणारा ओळखीचा पाद्री होता. मे २०२१ मध्ये अथेन्सहून विल्निअसला चाललेलं रायनएअरचं विमान बॉम्बच्या खोट्या निरोपाने बेलारूसने मिन्स्कला उतरवलं आणि त्यातल्या रामान प्रातासेविच या सरकारविरोधी पत्रकाराला उचललं. अनोळखी संस्थेचं सगळा खर्च देणारं निमंत्रण आलं तर आयोजकाला तुम्ही स्वतः, त्यांच्या संस्थेच्या वेबसाइटवरच्या नंबरवर फोन करा.

राहिला तुमचा विभाग. दूतावासाच्या सांस्कृतिक किंवा शैक्षणिक कक्षाकडून विद्यापीठाला अधूनमधून पत्र येतं: आमच्या विद्यार्थ्यांची यादी, सध्याचा पत्ता, मोबाइल नंबर, हजेरी, प्रगती. आपल्याकडचा बाबू हे पत्र 'परदेशी दूतावास' म्हणून सगळ्यात आधी निकाली काढतो, एक्सेल शीट जोडून. कुलसचिवांशी बोलून एवढं ठरवून घ्या की असं पत्र आवक नोंदीनंतर थेट त्यांच्या टेबलावर जाईल. त्या देशाची शिष्यवृत्ती असेल तर प्रगती अहवाल द्यावाच लागेल, त्यात नोंदणीची तारीख, विषय आणि संशोधनाचा टप्पा एवढंच. पत्ता आणि नंबर विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय नाही. शिष्यवृत्ती अचानक बंद होण्याची तयारीही ठेवा, हा दबावाचा नेहमीचा मार्ग आहे. फी भरता आली नाही म्हणून नोंदणी रद्द झाली की व्हिसाही जातो. फीला हप्ते किंवा मुदतवाढ मिळावी असा अर्ज आत्ताच करून ठेवता येतो.

बोनाफाईड तुम्ही द्याल ते कोरडं ठेवा: नाव, पासपोर्ट क्रमांक, नोंदणी क्रमांक, विषय, प्रबंध सादर होण्याचा अंदाजे महिना. 'अतिशय सज्जन, राजकारणाशी संबंध नसलेला' असं आपण प्रेमाने लिहून जातो. ते लिहू नका. उद्या त्याचे व्हिडिओ त्याच फाइलला जोडले गेले तर तुमचं पत्र खोटं ठरेल, आणि त्याच्याजवळचा चांगला कागद तुमचा एकच आहे.